पद्मिनी मिसिंग करते, उचलत नाही: दोष कुठून शोधायचा?

जुनी गाडी नव्याने घेतलेल्या माणसाची तक्रार बहुधा दोन वाक्यांत संपते: "गाडी मिसिंग करते" (म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर जळायचा चुकतो) आणि "पाय दिला की उचलत नाही". त्यावर गॅरेजातलं उत्तरही ठरलेलं असतं: "कार्बोरेटर खोलून बघू." माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, सगळ्यात शेवटी. आधी करंट (प्लगला मिळणारी ठिणगी), मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग कुठून फालतू हवा ओढली जातेय का ते, मग पेट्रोलचा पुरवठा. एवढं तपासूनही दोष उरला, तरच कार्बोरेटर. प्लगचा गॅप चुकला तर पुन्हा मोजून लावता येतो. कार्बोरेटरचे स्क्रू अंदाजाने फिरवले की ते मुळात कुठे होते हे कुणालाच सांगता येत नाही, आणि एका दोषाचे दोन होतात.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेतो. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागलेली आणि पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी शिकण्यासाठी उत्तम आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, डेल्कोत (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये) करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट, इंजिनाच्याच कॅमवर चालणारा पेट्रोल पंप आणि वर एक सोलेक्स कार्बोरेटर. सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, पण सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली झाकलेल्या घरच्या गाड्या अजून आहेत. तुमच्याकडे अँबॅसिडर, हेराल्ड किंवा मॉरिस असेल तरी तपासणीचा क्रम हाच. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तकातून घ्या.

हत्यारं फार लागत नाहीत. प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), चांगली टॉर्च, रबरी मुठीची पक्कड, पाणी फवारायची बाटली आणि टायमिंग लाइट. कॉम्प्रेशन गेज मागून आणला तरी चालतो. गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा. पंख्याजवळ ओढणी, सैल बाही नको. पेट्रोलची नळी काढायच्या वेळी फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवा, आणि सिगारेट ओढणारा मदतनीस गेटाबाहेर.

आधी नीट विचारा, मग पाना उचला

दोष कधी येतो, हे कळलं की निम्मं काम झालं. गाडी थंड असताना त्रास देते की तापल्यावर? उभ्या उभ्या थरथरते की चढावर, ओझ्यावर? पाय एकदम दिला की क्षणभर बसते आणि मग उचलते, की सरळ रस्त्यावर साठच्या पुढे हळूहळू दम सोडते?

एक ढोबळ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. करंटचा दोष तुटक असतो: झटका बसतो, कुणी चावी बंद-चालू केल्यासारखा. पेट्रोलचा दोष मऊ असतो: ताकद ओसरत जाते, गाडी ढेपाळते. हा नियम दर वेळी खरा ठरत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतो. कार्बोरेटरच्या तोंडातून फुस्स करून उलटा फटका येत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बिघडलंय. सायलेन्सरमधून फटाके फुटत असतील, तर न जळलेलं पेट्रोल तिथपर्यंत पोचतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. सायलेन्सरच्या तोंडामागे हात धरलात आणि ठराविक ठेक्यावर एक धक्का गहाळ वाटला, तर एकच सिलिंडर बंद आहे. ठेका नसलेली, कशीही येणारी मिसिंग बहुधा चारही सिलिंडरना सामाईक असलेल्या भागात सापडते, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा), कॉइल (व्होल्टेज वाढवणारी) किंवा कार्बोरेटर.

हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा. पुढचा नियम त्याहून महत्त्वाचा: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलली की गाडी चालवून बघा. प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर एकाच दुपारी बदलले आणि गाडी सुधारली, तर काय बिघडलं होतं ते कळणार नाही. आणि नवा कंडेन्सर पहिल्या दिवसापासून खराब निघाला, तर जुना कुठे टाकला ते शोधत बसाल.

प्लग बोलतात

गाडी चांगली तापवून पाच-सात किलोमीटर चालवून आणा, बाजूला घ्या, लगेच इंजिन बंद करा आणि थोडं निवल्यावर प्लग काढा. नुसती उभ्या जागी चालू ठेवून काढलेला प्लग काळाच दिसतो, त्यावरून काही ठरवू नका. काढताना कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, ती रांग मोडू देऊ नका. रेडिएटरकडचा एक नंबर.

बिस्किटी-तपकिरी रंग असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा करंट कमजोर. ओला, तेलकट काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल येतंय. पांढुरका, भाजल्यासारखा दिसला तर पेट्रोल कमी किंवा हवेची गळती. पेट्रोलने ओला निघाला तर त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नाही. चारही प्लग सारखेच वाईट असतील तर दोष सामाईक, एकच वेगळा असेल तर तिथेच शोधा. गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास हवा.

बंद सिलिंडर पकडायचा तर इंजिन बंद असताना एका प्लगची वायर काढा, तिच्या टोकाला जादा प्लग लावा, तो प्लग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला नीट टेकवून ठेवा आणि गाडी चालू करून ऐका. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की आवाज आणखी खराब होतो. जी काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला. चालू इंजिनवर हाताने वायर ओढून हीच चाचणी करणारे खूप आहेत. हजारो व्होल्टचा झटका खाऊन मागे सरकताना कोपर पंख्यात जाऊ शकतं, म्हणून तो प्रकार टाळा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर वायर अधांतरी कधीच सोडू नका, मॉड्यूल जळतं.

मेलेला सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर वायर बदला. तरीही तिथेच राहिला तर डेल्कोची कॅप किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन. कुणीतरी वायरी उलटसुलट लावल्यात का, तेही इथेच बघून घ्या: फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, आणि रोटर (कॅपखाली फिरणारा, करंट वाटणारा तुकडा) कोणत्या बाजूला फिरतो ते कॅप उघडून, इंजिन थोडं फिरवून बघायचं.

डेल्कोचं झाकण उघडल्यावर

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत निम्म्या मिसिंगचं मूळ इथेच सापडतं. कॅपच्या आत दमट हवेचे थेंब साचतात आणि करंट सोप्या वाटेने पळतो. कोरड्या कापडाने कॅप आतून पुसा. मग टॉर्चच्या उजेडात बारीक काळी, केसासारखी रेघ शोधा. ती रेघ म्हणजे करंटने जाळून केलेली कायमची वाट. पुसून जात नाही, कॅप बदलावीच लागते. मधला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर मोकळा हलतोय ना, रोटरला चीर नाही ना, तेही बघा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला, तर गळणारा करंट निळ्या ठिणग्यांनी स्वतःच जागा दाखवतो.

पॉइंटचा गॅप कॅमच्या उंचवट्यावर ०.४ ते ०.५ मिलिमीटर. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा झाला असेल तर फीलर गेज चुकीचं मोजतं. बारीक पॉलिश पेपरने घासून दिवस काढता येतात, पण बदलणं बरं. इंजिन चालू असताना पॉइंटवर मोठी निळसर-पांढरी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेलेला समजा. कंडेन्सर आणि कॉइल यांची एक खोड असते: थंड असताना शहाणे, तापले की बिघडतात. सिग्नलला बंद पडलेली गाडी वीस मिनिटांनी काहीच झालं नाही अशी चालू होते, तेव्हा पहिला संशय या दोघांवर. खात्री करायची सरळ रीत म्हणजे चांगल्या गाडीतली काढून लावून बघणं.

मग डेल्कोचा दांडा धरून आडवा हलवा. खुळखुळ लागली तर बुश झिजलेत. अशा डेल्कोत गॅप दर फेऱ्याला बदलतो. तुम्ही कितीही मन लावून सेट करा, गाडी स्लोवर (पाय न देता, उभ्या उभ्या) थरथरतच राहणार.

टायमिंग पॉइंटनंतरच करायचं, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. लाइट पुलीच्या खुणेवर धरून स्लोवर पुस्तकातला आकडा जुळवा, मग हळूहळू रेस वाढवा. खूण पुढे सरकली पाहिजे. सरकत नसेल तर डेल्कोतली टायमिंग पुढे नेणारी वजनं गंजून अडकलीत किंवा त्यांची स्प्रिंग गेलीय. अशी गाडी स्लोवर गोड चालते आणि पाय दिला की बैलासारखी अडून बसते. यासाठी कार्बोरेटर खोलणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

टॅपेटची फट पुस्तकात दिलेल्या अवस्थेत, बहुधा थंड इंजिनवर तपासा. वाजणारे टॅपेट कानाला खटकतात म्हणून लोक घट्ट करून घेतात, पण खरा धोका न वाजणाऱ्यांचा आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांत शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवत होतं. कडक सीट न बसवलेल्या हेडमध्ये सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. शेवटी व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही आणि गाडी तापल्यावर मिसिंग करते. एकाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट पुन्हा पुन्हा कमी होताना दिसली, तर हेडचं काम जवळ आलंय.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलचा करंट तोडलेला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. नेमक्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा. दहा टक्क्यांपर्यंत चालतो. एक सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, न वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम कमी आले तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट गेलीय. इथे दोष निघाला तर पुढचं सगळं ट्युनिंग थांबवा, पैसे आणि रविवार वाचतील.

गाडी हवा ओढते का?

स्लोवर थरथर, चोक (हवा कमी करून मिश्रण दाट करणारी झडप) ओढला की सुधारणा, रेस वाढवली की ठीक: हा गळतीचा नमुना. हवा कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून येते, मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीच्या) जोडातून येते, किंवा व्हॅक्युम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी) नळी असेल तर तिच्या तड्यातून. इंजिन स्लोवर ठेवून प्रत्येक जोडावर बाटलीतून थोडं पाणी फवारा. ज्या ठिकाणी इंजिनाचा आवाज चटकन बदलतो, तिथे गळती. पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे गरम इंजिनवर मारून शोधणारे असतात. पाण्याने काम होत असताना ती जोखीम कशाला?

आणखी एक फुकटची चाचणी. एअर फिल्टर काढा आणि चालत्या इंजिनच्या कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात थोडासा आडवा धरा, पूर्ण झाकू नका. इंजिन सुधारलं तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. आणखी घुसमटलं तर आधीच जास्त आहे. उलटा फटका मारणाऱ्या गाडीवर हे करू नका.

व्हॅक्युम गेज मिळाला तर उत्तमच. मुंबईत निरोगी इंजिन स्लोवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) स्थिर दाखवतं. पुण्यात उंचीमुळे दोनेक इंच कमी दिसतील, त्याने घाबरू नका. काटा ठेक्यात खाली पडत असेल तर व्हॉल्व्ह. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे किंवा गळती.

पेट्रोल पोचतंय का?

तापलेली गाडी रस्त्यात बंद पडली की गोंधळ उडतो: पेट्रोल की करंट? तिथल्या तिथे ठरवता येतं. फिल्टर काढा, टॉर्चने कार्बोरेटरच्या नळीत बघा आणि मदतनिसाला थ्रॉटल हलवायला सांगा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर पेट्रोल आहे, करंटकडे जा. दिसली नाही तर कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी बहुधा रिकामी आहे. मग पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडा. सुस्कारा सोडल्यासारखी हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी होते, पंप खेचू शकत नाही. दुरुस्तीला टाचणी पुरते.

झाकण ठीक असेल तर पंप. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडा, कॉइलचा करंट तोडा आणि स्टार्टर मारा. जोरकस पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. नुसते बुडबुडे आले तर टाकी ते पंप यांमधली नळी कुठेतरी हवा ओढतेय. ऑइलची डिपस्टिकही हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटून पेट्रोल इंजिनात उतरतंय, आणि पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवणं बेअरिंगांच्या जिवावर बेतू शकतं. मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकी चढताना गाडी ढेपाळत असेल, तर नळीतच पेट्रोलची वाफ होत असेल. पंपावर ओलं फडकं टाकायचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे. कायमचा उपाय म्हणजे नळी गरम भागांपासून दूर नेणं.

इथे इथेनॉलची गोष्ट करावीच लागेल. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते. या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) तेवढंच इंधन गेलं तर मिश्रण आपोआप पातळ पडतं. पाय दिल्यावर क्षणभर अडखळणं हे त्याचं पहिलं लक्षण. शिवाय इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि ओलावा शोषतं. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणून पंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, आणि उभ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

आता कार्बोरेटर

मघाशी धार दिसली का ते पाहिलं. आता ती कधी येते ते बघा. इंजिन बंद, थ्रॉटल हलवताक्षणी धार यायला हवी. उशिरा किंवा लुळी आली तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम, त्यातली छोटी गोळी किंवा जेट. पाय एकदम दिल्यावर गाडी बसण्याचं कार्बोरेटरमधलं हे सगळ्यात नेहमीचं कारण. अँबॅसिडरवर एसयू कार्बोरेटर असेल तर त्यात हा पंप नसतोच. वरच्या डॅशपॉटमधलं तेल ते काम करतं. ते आटलं की गाडी अगदी अशीच अडखळते, आणि थोडंसं तेल ओतायच्या आधी लोक हजारोंचा खर्च करून बसतात.

स्लो टिकत नसेल आणि पाय अगदी थोडा दिल्यावरच अडखळत असेल तर स्लोचा जेट बुजलाय. तो काढून हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका. पितळेचं भोक मोठं झालं की जेट गेला. वरच्या वेगात दम सोडत असेल तर मुख्य जेट आणि वाटीतली पातळी. फ्लोट (वाटीत तरंगून पातळी राखणारा पोकळ डबा) कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो फुटलाय, बुडतोय, आणि वाटी ओसंडतेय. चोकची केबल अडकून चोक अर्धवट ओढलेला तर राहत नाही ना, हेही बघा.

मिक्स्चरचा स्क्रू सगळ्यांत शेवटी. इंजिन पूर्ण गरम, चोक आत. फिरवण्याआधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेताना किती फेरे झाले ते मोजून लिहा, तेवढाच परत सोडा. जोर लावून बसवलात तर टोकाला खाच पडते आणि तो पुन्हा कधीच नीट सेट होत नाही. मग चालत्या इंजिनवर हळूहळू आत न्या, इंजिन अडखळू लागलं की बाहेर सोडत सर्वांत गुळगुळीत जागा शोधा, आणि स्लोचा वेग दुसऱ्या स्क्रूने खाली आणा. हे दोन्ही आलटून-पालटून दोन-तीनदा करावं लागतं. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर हीच गाडी थोडी जड, काळपट वाटेल, कारण हवा विरळ आहे. तिथे स्क्रूला हात लावू नका.

एवढं करूनही स्लो दर वेळी वेगळ्या जागी येत असेल, तर थ्रॉटलचा दांडा बोटांत धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर हवा तिथून आत येतेय आणि कोणताही स्क्रू ती भरून काढणार नाही. लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडून बॉडीत नवे बुश बसवून घ्या. बाजारातल्या दुरुस्तीच्या किटमध्ये गॅस्केट आणि डायफ्रॅम मिळतात, हा दांडा नसतो.